शंखाच्या घरातली खोली

सकाळी आर्किटेक्ट टिल्लूंनी मोजलं, तर लेकीच्या खोलीचं दार आणखी वीतभर आकसलं होतं. शंखाच्या पेशींपासून घर वाढवायची कल्पना त्यांचीच. असं घर न वापरलेली खोली आपणहून बुजवून टाकतं. टेबलावरच्या मॉडेलमध्ये त्यांनी मुंग्या सोडून पाहिल्या होत्या, तेव्हा एकही खोली बुजली नव्हती. मुंग्या रोज एकमेकींकडे जातात, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

त्यांनी फोन लावला. "ऋजू, दिवाळीला येतेस ना?"

"बाबा, यंदाही नाही जमणार हो."

टिल्लू रांगत आत शिरले, पलंगावर बसले आणि खोली वापरात आहे असं घराला वाटावं म्हणून दोन आवाजांत बोलू लागले.

"बाबा, किती वाळलात!"

"अगं, त्याशिवाय या दारातून आत कसा येणार?"