भिंतीकडचं टेबल

व्यायामशाळेत सव्वीस टेबलं मांडून झाली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. आर्तो म्हणजे शाळेचा शिपाई, सुतार, वायरमन, सगळं एकच. उद्याच्या बोर्डाच्या परीक्षेची मांडामांड त्याच्याच गळ्यात. गणिताचे दोन्ही पेपर एकाच वेळी आणि एकाच हॉलमध्ये. खिडकीकडे 'लांब' गणितवाल्यांची नऊ टेबलं, भिंतीकडे 'आखूड' गणितवाल्यांची सतरा, आणि पेपर कॉम्प्युटरवर द्यायचा म्हणून मधून वायरी.

लांब गणित अवघड, इंजिनियर व्हायचं असेल त्याने घ्यायचं. आखूड म्हणजे कामापुरतं. एकदा आखूडकडे गेलेलं पोर पुन्हा लांबकडे फिरकत नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

नावांच्या चिठ्ठ्या चिकटवायला घेतल्या तशी त्याने सगळ्यात आधी तूलीची शोधून काढली. पोटची पोर, तिच्यासाठी यादी कशाला बघायची? खिडकीकडचं पहिलं टेबल, उजेड चांगला. बाकीची नावं मात्र त्याने यादीबरहुकूम लावली. नऊ टेबलं भरली आणि लांब गणिताची एक चिठ्ठी हातात उरली.

म्हातारा झालास, असं स्वतःलाच पुटपुटत त्याने पुन्हा मोजलं. मग चष्मा चढवून यादी नीट वाचली. लांब गणिताखाली नऊ नावं होती, त्यात तूली नव्हती. पान उलटलं. आखूड गणिताखाली, वरून दुसरी, तूली.

मुख्याध्यापिका रीत्ता घड्याळं तपासायला आली होती. यादीत काही घोळ झालाय का, असं त्याने विचारलं. रीत्ताने कागदाकडे न बघताच मान हलवली.

"नावं मुलांनीच भरलीत, नोव्हेंबरात. आणि तिला अठरा पूर्ण आहेत, आर्तो. शाळा घरी कळवत नाही."

एवढं बोलून ती बरोबर चालणारं घड्याळ पुन्हा एकदा तपासून निघून गेली.

आर्तो बाकावर बसला. त्याला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात आधी आठवला तो पेट्रोलपंपावरचा कॉफीचा कट्टा. दोन वर्षं त्याने तिथे पोरीच्या नावाने छाती फुगवली होती. आज सकाळीसुद्धा कट्ट्यावरचा काउको लांबूनच ओरडला होता, "या, इंजिनियरचे पिताश्री! आमच्यासारख्यांना ओळख दाखवणार ना?" आणि ह्याला गुदगुल्या झाल्या होत्या.

गणित निवडायचं होतं तेव्हा, पहिल्याच वर्षी, तूली म्हणाली होती की तिला सुईण व्हायचंय, त्याला आखूड गणित पुरतं. आपल्या घरात इंजिनियर व्हायला कुणीतरी पहिलं नको का, असं म्हणून त्यानेच तिला लांबला बसवलं होतं. मग दोन्ही हिवाळे पोर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून रडायची, पान फाडायची, नाक पुसून पुन्हा बसायची. हा शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवायचा. कष्टाशिवाय का कुणाला काही येतं?

मग मागच्या शरदात रडणं एकदम थांबलं. पोर पोटभर जेवायला लागली, भांडी घासताना गुणगुणायला लागली. जमलं की नाही शेवटी गणित, असं तो बायकोला ऐटीत म्हणाला होता. बायको ताटल्या पुसत राहिली होती.

काय जमलं होतं ते त्याला आता, बाकावर बसल्यावर कळलं. राग कुठल्या कुठे गेला, आणि त्याला स्वतःची लाज वाटली. एका घरात राहून पोरीला सहा महिने तोंड मिटून बसावं लागलं, ते त्याच्या भीतीने.

त्याने खिडकीकडची चिठ्ठी नखाने अलगद सोडवली आणि भिंतीकडच्या दुसऱ्या टेबलावर चिकटवली. वर हात टेकला तर टेबल डुगडुगलं. मग तो हत्यारांची पेटी आणायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तूली खाली आली तेव्हा तिचा डबा बाप भरत होता. दर पेपरला हे काम आई करायची. पेपर दिवसभर चालायचा, खाणं टेबलावरच; पण छापील अक्षर असलेलं काहीही हॉलमध्ये न्यायचं नाही, असा नियम. आर्तोने चॉकलेट वेष्टनातून काढून साध्या पारदर्शक पिशवीत घातलं होतं, काळ्या पावाचे तुकडे आणि काकडी तशीच दुसऱ्या पिशवीत. आता तो नळाच्या गरम पाण्याखाली रसाच्या बाटलीवरचा कागद खरवडत होता.

तूली दाराशी उभी राहून केस बांधत होती.

"तुझं टेबल भिंतीकडे आहे," तो मान वर न करता म्हणाला. "पुढून दुसरं. डुगडुगत होतं, पाय नीट केलाय."

तिचे हात केसांतच थांबले. भिंतीकडे कोण बसतं ते शाळेत सगळ्यांनाच माहीत होतं.

"बाबा, मी तुला सांगणार होते..."

"चिकटा राहिलाय का बघ जरा. मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

त्याने बाटली पुढे केली. तूलीने ती घेतली, खिडकीपाशी नेली, बाहेरच्या बर्फाच्या उजेडात सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली. बराच वेळ पाहत राहिली.

"नाही," ती म्हणाली. "काही राहिलं नाही."