घाटात तापणारी गाडी

शरयूबाईंनी किल्ली पुढे केली, पण लगेच सोडली नाही. "थांबा, मानसिंगराव. आधी तिच्या खोडी ऐकून घ्या."

बैल विकताना खोड लपवू नये, आणि मोटार काही बैलाहून वेगळी नाही, असं मधुकरराव वकील म्हणायचे. साताऱ्यात त्यांच्या या छोट्या गाडीची थट्टा न केलेला माणूस सापडायचा नाही. दीड महिन्यापूर्वी ते झोपेतच गेले. हृदय बरेच दिवस दुखणाईत असणार, असं डॉक्टर म्हणाले. शरयूबाईंना ते मुळीच पटलं नव्हतं. पंचवीस वर्षं शेजारी बसणाऱ्या बायकोला कळलं नसतं होय?

तासगावचा मानसिंग नुकताच पलटणीतून सुटून आला होता. गाडी पारखायला त्याने मलकापूरहून कृष्णात मिस्त्रीला बरोबर आणलं होतं; चालवूनही बघून झालं होतं. दोघं अदबीने ऐकत उभे राहिले.

"एकोणपन्नास सालची आहे. गॅलनला पस्तीस मैल जायची, आता तीस धरा. दुसरा गियर खरखरतो. हँडब्रेकवर विसंबू नका, उतारावर चाकाला दगड लावा. आणि मोठी खोड म्हणजे घाटात तापते. लेकीकडून, शिरवळहून येताना खंबाटकीत दर वेळी बंद. पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबायचं, मग चालते."

कृष्णातने हात पुसले. "काकू, बाकी समदं खरं हाय. पर तापायचं काय पटत न्हाई. आत्ता भर उन्हात यवतेश्वरचा घाट दोनदा चढवून आलो. कुठं अडली न्हाई. पंप बी नवा हाय, तीनचार वर्सांमागं बसवल्याला."

"असं कसं? मी स्वतः बसलेली असायची आत."

"कवापासनं तापतीया?"

"या दिवाळीपासून. त्याआधी कधीच नाही."

"आन् वकीलसाहेब काय करायचे?"

"कडेला घ्यायचे. बॉनेट उघडून वाकून बघत राहायचे. मी आतून तोंड सोडायची. शेवटच्या खेपेला तर म्हटलं, या खटाऱ्यापायी माझा जीव जाईल एक दिवस."

"मग?"

"घामाघूम होऊन परत आले, म्हणाले, झाली बघ गार."

मानसिंगने मान खाली घातली. कृष्णात उगाच हातातलं फडकं पिळत राहिला. शरयूबाईंनी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"कृष्णात," त्या म्हणाल्या, "बॉनेट उघड, आणि जरा वाकून उभा राहा बाबा."

त्या डाव्या बाजूच्या आपल्या जागेवर जाऊन बसल्या. दार ओढून घेतलं. काचेपुढे उघड्या बॉनेटचा नुसता पत्रा उभा राहिला.

"आहेस का रे तिथं?"

"हाय की, काकू. हितंच हाय."

"दिसत नाहीस," शरयूबाई म्हणाल्या.