थांबायचं कार्ड

टेबलावर कात्री काढून ठेवलेली होती. इलिंकानं कोट काढण्याआधी ती उचलली आणि फ्रिजवर ठेवली.

"आज तुमच्यानं झालं नाही, तर मी सगळे केस कापून टाकणार," झाम्फिरकाका म्हणाले. "मुलासारखे बारीक. विषय संपला."

इलिंका विशेष मुलांच्या केंद्रातून येणारी वर्तनतज्ज्ञ होती. चावणारी, डोकं आपटणारी, किंचाळणारी मुलं, हेच तिचं काम. खिडकीजवळ स्टुलावर बसलेली स्मरांदा ही काकांची सात वर्षांची नात. ती बोलत नसे. काही नकोसं झालं की चावायची. आधी स्वतःचं मनगट, मग समोरच्याचा हात. मागच्या आठवड्यात ती वर्गातल्या मदतनीस बाईंना चावली होती. पुन्हा असं झालं तर तिला घरीच ठेवा, असं शाळेनं कळवलं होतं. आई इटलीत कुणा म्हातारीची सेवा करत होती, आणि ती तिकडे गेल्यापासून या केसांना कुणी कंगवा लावू शकलं नव्हतं. मानेमागे त्यांचं घोंगडं झालं होतं.

इलिंकानं पिशवीतून एक कार्ड काढलं. त्यावर 'थांबा' म्हणून पुढे केलेला लाल पंजा होता. ते तिनं स्मरांदाच्या मांडीवर ठेवलं आणि केसांवरून एकदा, अगदी टोकाशी, कंगवा फिरवला. स्मरांदाचं मनगट तोंडाकडे गेलं. इलिंकानं मध्ये घडी घातलेला टॉवेल सरकवला आणि दुसऱ्या हातानं कार्डाकडे बोट केलं. स्मरांदानं कार्डावर चापट मारली. त्याच क्षणी इलिंकानं कंगवा खाली ठेवला.

तिनं काकांना समजावलं, की एवढंच करायचं. कार्ड आलं की कंगवा खाली.

"दर वेळी?"

"दर वेळी."

"अशानं ईस्टर उजाडेल, बाई."

"उजाडू दे."

अर्धा तास तसंच चाललं. एकदा फिरवायचं, कार्ड, कंगवा खाली. हळूहळू चापट थांबली आणि स्मरांदा कार्ड उचलून हातात द्यायला लागली. काकांनी पस्तीस वर्षं ब्राइलाच्या बंदरावर क्रेन चालवली होती, एका दिवसात अख्खं जहाज गव्हानं भरलं होतं. त्यांना हे बघवेना. शेवटी त्यांनी कंगवा मागितला. इलिंकानं क्षणभर विचार केला आणि दिला.

पहिल्यांदा नीट झालं. दुसऱ्यांदा स्मरांदानं कार्ड पुढे केलं. काकांनी ते पाहिलं. पण एक गाठ सुटत आली होती. एवढीच, एवढीच, म्हणत त्यांनी कंगवा ओढला.

स्मरांदानं त्यांच्या हातात दात रुतवले.

"हात ओढू नका, फाटेल," इलिंका म्हणाली. "तिच्याकडेच दाबून धरा. हलू नका."

काकांच्या तोंडून बंदरावरची एक शिवी गेली, पण हात त्यांनी हलवला नाही. दात सुटले. स्मरांदा टेबलाखाली शिरली आणि आपलं मनगट चावू लागली. इलिंका टॉवेल घेऊन तिच्याशेजारी फरशीवर आडवी झाली आणि श्वास शांत होईपर्यंत तशीच पडून राहिली.

काका नळाखाली हात धरून उभे होते. "बघितलंत ना? हिला नाही जमायचं."

"तिनं तुम्हाला आधी सांगितलं होतं, काका. चावली ती नंतर."

काकांनी नळ बंद केला आणि हात सदऱ्याला पुसला.

मग इलिंकानं सांगितलं की आता पुन्हा करायचं, आणि ते काकांनीच करायचं. ते म्हणाले, उद्या बघू. ती म्हणाली, आजच. कार्ड फक्त इलिंकासमोर चालतं असं आज मुलीच्या मनात बसलं, तर ते काढायला वर्ष लागेल. ती थांबेल, तिला घाई नाही. आणि ती खरंच भिंतीला पाठ लावून, पाय पसरून फरशीवर बसली.

वीस मिनिटांनी स्मरांदा आपणहून बाहेर आली आणि स्टुलावर बसली.

काकांनी कंगवा फिरवला. कार्ड आलं. त्यांनी कंगवा टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाट पाहिली. पुन्हा एकदा. पुन्हा कार्ड. अकरा वेळा असं झालं. बाराव्यांदा कार्ड आलं नाही. काकांनी इलिंकाकडे पाहिलं, तिनं मान डोलावली. त्यांनी आणखी एकदा फिरवला, मग आणखी एकदा.

"आता इथंच थांबा," इलिंका हळूच म्हणाली. "तिनं मागायच्या आत."

दिवस मावळला तेव्हा एक बट मोकळी झाली होती. कानामागची, बोटभर रुंद. बाकी सगळं घोंगडं जसंच्या तसं होतं.

दाराची घंटी वाजली. खालच्या मजल्यावरच्या अग्लायाबाई भोपळ्याच्या पोळ्यांची बशी घेऊन आल्या होत्या. बशी ठेवून त्या नेहमीसारख्या थेट मुलीकडे वळल्या. माझं सोनं ते, म्हणत त्यांनी गालगुच्चा घ्यायला हात पुढे केला.

स्मरांदा मागे सरली. मनगट वर आलं, ओठांपर्यंत पोचलं आणि तिथंच थांबलं. मग तिनं मांडीवरचं कार्ड उचलून अग्लायाबाईंच्या समोर धरलं.

"हे काय नवीन खेळणं?" अग्लायाबाई हसल्या. हात पुढे येतच होता.

काकांनी मध्ये आपला हात आडवा घातला. त्यावर दातांची खूण अजून लाल होती.

"थांबा, अग्लायाबाई. ती नको म्हणतेय."

"अहो, ती कुठं काही बोलली?"

"बोलली," काका म्हणाले.