पॅसेजमधली पंगत

तारकरबाई रॉटरडॅममध्ये दरमहा तेवढंच भाडं देत, पण जागेचा दर वाढला की त्यांच्या खोलीची पॅसेजकडची भिंत आपोआप आत सरकायची. यंदा ती पलंगाला येऊन टेकली, तेव्हा बाईंचं डोकंच फिरलं. तणतणत त्या बाहेर आल्या आणि थबकल्या. जेवढी खोली आत गेली होती, तेवढा पॅसेज रुंद झाला होता. आणि पॅसेजला भाडं नव्हतं.

त्यांनी मजल्यावरच्या आठही भाडेकरूंची दारं वाजवली.

रविवारी बारा वाजता सगळ्यांनी एकदम भिंतीवरची, खोलीचा आकार ठरवणारी बटणं दाबून आपापल्या खोल्या होतील तेवढ्या लहान केल्या. भिंती मागे हटल्या आणि पॅसेजचा चांगला हॉल झाला. बाईंनी चादरी अंथरून पंगत मांडली. शेजारच्या खोलीतल्या घानाच्या क्वामेला मांडी घालता येईना, म्हणून त्यानं पाय लांब पसरले. दोन वर्षांत पहिल्यांदाच ते कशाला आपटले नाहीत.

आमटी वाढत असतानाच छतातून मालक कंपनीचा आवाज गोड मराठीत म्हणाला, "आपल्या खोल्या राहण्यास अपुऱ्या आहेत. कृपया त्या मोठ्या करून घ्याव्यात."

"फुकट देता?"

"दरानुसार भाडं लागेल."

"मग नाही परवडत आम्हाला," बाई म्हणाल्या.

भाडं घेतल्याशिवाय भिंत पुन्हा बाहेर सरकवणं त्या आवाजाला येतच नव्हतं.

बाईंनी पदर खोचला आणि पंगतीकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सावकाश होऊ द्या!"