दक्षिण दरवाजा

प्राध्यापक दक्षिण दरवाजासमोर उभे होते आणि दक्षिण दरवाजा जागेवर नव्हता. जागेवर होता तो रुंद रस्ता, सिग्नल आणि कुणालाही वाट न देणारी गाड्यांची रांग.

खिशातला फोन वाजला. जावई होता.

"बाबा, कुठे पोचलात? तिला आत न्यायची तयारी सुरू झालीय. डॉक्टर आता थांबणार नाहीत."

"आलोच. हा काय, आलोच."

मुलीच्या हृदयाची झडप बदलायची होती. 'बाबांना एकदा बघते, मग खुशाल कापा मला,' असं ती कालपासून डॉक्टरांना बजावत होती. विमान उशिरा उतरलं, तिथून पुढे आगगाडी पकडावी लागली, तरी प्राध्यापकांनी जावयाला स्टेशनवर येऊ दिलं नव्हतं. "तू तिच्यापाशी थांब. त्या शहरात मला रस्ता कोण दाखवणार? गल्ली न् गल्ली पाठ आहे माझी."

ही काही बढाई नव्हती. लेक-जावई राहत होते ते हे परदेशातलं शहर अठराशे अठ्ठेचाळीस साली राजावर उलटलं होतं. त्या बंडावर प्राध्यापकांनी जाडजूड पुस्तक लिहिलं होतं, जन्मभर तेच शिकवलं होतं. कुठल्या गल्लीत लोकांनी खाटा आणि कपाटं रचून सैन्य अडवलं, हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. फक्त इथे त्यांचा पाय कधी लागला नव्हता. नकाशे, दप्तरं, सगळं टपालाने मागवलेलं. आणि मधल्या काळात शहराने त्यांना न विचारता तट पाडले, गल्ल्या रुंद केल्या, पाट्यांवरची नावं बदलली. जुन्या बराकींत आता हॉस्पिटल आहे, एवढं त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते स्टेशनवर उतरून थेट बराकींकडे निघाले होते, आणि इथे घोडं अडलं होतं.

बाबागाडी ढकलत जाणाऱ्या एका बाईला त्यांनी थांबवलं. तिथली भाषा त्यांना येत होती, पण ती जुन्या जाहीरनाम्यांतून शिकलेली. त्यांनी अदबीने विचारलं, "आदरणीय नागरिक स्त्रिये, शाही पायदळाच्या बराकी कोणत्या दिशेस आहेत?"

बाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि बाबागाडी घाईघाईने पुढे काढली. त्यात तिची काही चूक नव्हती.

पुन्हा फोन. "बाबा, तुमच्या आजूबाजूला काय आहे?"

"इथे दक्षिण दरवाजा असायला हवा. डाव्या हाताला तट, आणि त्याला लागून मिठाची वखार..."

"बाबा!" जावई रडकुंडीला आला होता. "काय असायला हवं ते राहू द्या. काय दिसतंय ते सांगा."

लेक वाट बघतेय आणि आपण वखार शोधतोय, या विचाराने प्राध्यापकांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी चष्मा पुसला.

"चष्म्यांचं दुकान दिसतंय," ते म्हणाले. "त्याच्या शेजारी बँक. मग बुटांचं दुकान, पिवळी पाटी. बाहेर एक सायकल लावलीय."

दोन पिढ्यांच्या तोंडी परीक्षा घेतलेला माणूस पहिलीतल्या पोरासारखा भर रस्त्यात पाट्या वाचत होता. चुकू नये म्हणून लांबूनच हवेत प्रत्येक अक्षरावर बोटही फिरवत होता.

"पिवळ्या पाटीचं बुटांचं दुकान? अहो, मग मागे वळा! तुमच्या पाठीमागे विटांची लाल इमारत आहे ना, तेच हॉस्पिटल!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. प्राध्यापक वळले आणि पळत सुटले. या वयात त्यांना पळताना कुणी पाहिलं नव्हतं, ते जावयाने दारातून पाहिलं.

मुलगी चाकांच्या खाटेवर होती. डोक्याला हिरवी टोपी, हाताला नळी. शाळेतून ताप घेऊन आलेल्या दिवशी दिसायची तशीच दिसत होती. प्राध्यापकांना रडू फुटलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"आलात?"

"चुकलो गं. अगदी दारात येऊन चुकलो."

"असू दे." तिने वरच्या जुन्या दगडी कमानींकडे पाहिलं. "बाबा, बंडातल्या जखमींना इथेच आणलं होतं ना? याच बराकींत?"

"इथेच."

"मग? वाचले का ते?"

प्राध्यापकांना आकडा तोंडपाठ होता. एका सालाच्या चुकीसाठी त्यांनी भल्याभल्यांचे गुण कापले होते, सख्ख्या भाच्यालाही सोडलं नव्हतं.

"वाचले," ते म्हणाले. "सगळेच्या सगळे आपल्या पायांनी चालत घरी गेले."

नर्सने खाट ढकलायला घेतली. मुलगी हसली.

"बाबा, कॉलेजात असताना तुमच्या पुस्तकाची प्रुफं मीच तपासली होती. पुस्तकात तसं नाहीये."

प्राध्यापक खाटेबरोबर चालत राहिले. तिचा हात त्यांच्याने सोडवेना.

"पुस्तक चुकलंय," ते म्हणाले. "तू बाहेर ये. पुढच्या आवृत्तीत दोघं मिळून दुरुस्त करू."