चौदा नंबरची

“पळतात झकास, पण रिंगखाली गेलं की मामला खल्लास,” पुंडलिकनगरच्या ऋतुराजनं निकाल देऊन टाकला. बास्केटबॉलच्या फायनलचा हाफटाइम झाला होता. पुंडलिकनगरच्या पोरी मुकुंदवाडीच्या नऊ गुणांनी पुढं होत्या.

“खल्लास कसा?” त्याच्या शेजारी बसलेला संघपाल उसळला. हा मुकुंदवाडीचा रिक्षावाला. मुकुंदवाडीच्या पोरींची मॅच असली की याची रिक्षा बंद, मग भाडं विमानतळाचं का असेना. “तुमच्याकडं कोच, बूट, लाकडी कोर्ट. आमच्या पोरी सिमेंटवर शिकल्या. तिथं रिंग बी एकच. तरी फायनलला आल्या का नाय?”

“आल्या ना. पण बोर्डाला लागून परत आलेला बॉल एक तरी घावला का त्यांना? समदे आमच्यांनी नेले.”

खरं होतं ते.

“तेच तर दुखणं हाय,” संघपाल म्हणाला. “आमचा टॉवर बघ. चौदा नंबर. अख्ख्या मैदानात तिच्याएवढी उंच कुणी नाय. अन् खेळती कशी? खांदे पाडून, पाठ वाकवून. जशी काय उंची चोरून आणलीय. एकदा ताठ उभी राहिली ना, तर तुमच्या पोरी नुसत्या वर बघत बसतील. हिला वाकायला ज्यानं शिकवलं ना, तो एकदा भेटाया पायजे मला.”

खालच्याच पायरीवर बसलेल्या बद्रीनाथनं चहाचा कप बाजूला ठेवला. चौदा नंबरची पोरगी त्याची होती. प्रेरणा.

आजवर तो तिच्या एकाही मॅचला आला नव्हता. आजही आला नसता. पण प्रेरणाला बघायला संध्याकाळी घरी पाहुणे यायचे होते, आणि मुलाचे मामा, रामकिसन, पैठणहून दुपारीच येऊन टपकले. पोरगी मैदानावर आहे म्हटल्यावर मामा हट्टालाच पेटले. “चला की मग, तिथंच बघू!” बद्रीनाथनं टाळायचं बघितलं. पण पाहुण्यांना नाही कसं म्हणणार?

तीन स्थळं उंचीवरून परत गेली होती. ‘हार घालायला आमच्या मुलाला शिडी आणावी लागेल,’ असं एका मुलाच्या आईनं तोंडावर सांगितलं होतं. तेव्हापासून तर बद्रीनाथचा घरातला जुना धोशा आणखीच वाढला होता. कुणी आलं की तू खाली बस. फोटो काढायचा, तो बसून. चालताना जरा वाकून चाल. शंभर खोटं बोलावं पण एक लग्न जमवावं, म्हणतात. या चौथ्या स्थळाला त्यानं उंची पाच फूट चार सांगून टाकली होती. मुलगा स्वतः पाच फूट सहा इंच होता. एकदा सुपारी फुटली की पुढचं पुढं, असा त्याचा हिशेब.

मैदानावर पोचल्यावर मामांनी विचारलं, “आपली कोणती?” फोटोतली साडीतली मुलगी त्या जर्सीच्या घोळक्यात ओळखू येणं शक्यच नव्हतं. बद्रीनाथचं बोट आपोआप पाच नंबरच्या श्रेयाकडं गेलं. श्रेया चणीनं लहान, चपळ. मामा खूश झाले. “मापात आहे पोरगी,” म्हणाले.

खेळ परत सुरू झाला. पोरी मैदानात उतरल्या आणि प्रेरणाची नजर पायऱ्यांवर गेली. तिनं बापाला पाहिलं. शेजारच्या टोपीवाल्या पाहुण्याला पाहिलं. आणि ती आणखी वाकली.

पुढचाच चेंडू बोर्डाला लागून थेट तिच्या डोक्यावर आला. हात वर केला असता तर मिळत होता. तिनं केला नाही. तिच्या खांद्याएवढ्या पोरीनं उडी मारून तो नेला.

“बघ!” ऋतुराज हसला. “अरे, टॉवरला रेंजच नाय!” पायऱ्यांवर हशा पिकला. मामाही हसले. “एवढं ताडमाड असून काय उपयोग हो? हिला कोण पदरात घेणार?”

बद्रीनाथला आठवलं, नववीत असताना ही पोरगी उड्या मारत घरात शिरली होती. दाराच्या चौकटीला हात टेकतोय म्हणून हरखून गेली होती. तेव्हा त्यानं सांगितलं होतं, दात काढू नको, वाकून ये. त्याला राग आला, मामांचा नाही, स्वतःचा.

तो उठून उभा राहिला.

“प्रेरणाऽऽ! ताठ उभी राहा!”

अख्खं मैदान वळून बघायला लागलं. पोरगी जागच्या जागी थबकली.

“वाकू नको! कुणाच्या बापाला भ्यायचं नाय! तुझ्या बी नाय!”

क्षणभर ती बघतच राहिली. मग तिनं खांदे मागं घेतले. पाठ सरळ केली. मान वर केली. बद्रीनाथनं आपली पोरगी एवढी उंच कधी पाहिलीच नव्हती. पुढचा चेंडू बोर्डावरून परतला, तेव्हा खाली पाच-सहा हात धडपडत होते आणि त्या सगळ्यांच्या वर तिचे दोन हात होते. चेंडू त्या हातांत होता.

“टॉवर उठला रं!” संघपाल नाचायला लागला.

मामाही उठले होते, पण नाचायला नाही. “प्रेरणा? अहो, ही प्रेरणा? तुम्ही तर पाच नंबरची दाखवली! अन् उंची पाच-चार सांगितली होती!”

“पाच-दहा हाय. बूट काढून,” बद्रीनाथ म्हणाला. त्याची नजर मैदानावरून हलली नाही. “आता तुम्ही बसा खाली, पाव्हणं. माझी पोरगी उभी राहिलीय.”