चार बोटं आखूड

“लुटतोय तो,” म्हणत सुर्वे मास्तर फ्रेमवाल्याकडून परतले आणि बायकोच्या चित्राला चौकट करायला खिडकीच्या जुन्या लाकडी पट्ट्या कापत बसले. जन्मभर भूमिती शिकवलेली. काटकोन म्हणजे हातचा मळ. पण कोपरे काही जुळेनात. तासता तासता चौकट चित्रापेक्षा चार बोटं आखूड झाली.

शालिनीबाईंचं हे कॅनव्हासवरचं पहिलंच चित्र. झोपाळ्यावर दोघं, शेजारी जास्वंद.

“असू द्या,” त्या म्हणाल्या. “कॅनव्हास एका बाजूनं दुमडू.”

“कुठल्या?”

“डावीकडच्या जास्वंदीला मला आठवडा लागलाय. उजवीकडे काय, तुम्हीच आहात.”

त्यांनी कड मागे वळवली. झोपाळ्यावर मास्तरांचा नुसता गुडघा उरला.

मास्तर त्या गुडघ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग चपला घालता घालता म्हणाले, “तसा तो फ्रेमवाला फार काही जास्त भाव सांगत नव्हता.”